दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही बाकीचं सगळं बोलते आणि एवढ्यावर आलं की घाईघाईने घंटा वाजवून निघते. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतंय. मध्येच मी इकडचं तिकडचं सांगत बसले तर समजा, की जवळ आले होते आणि घाबरले. तशी मला घोळ घालत बोलायची सवयच आहे. ऑफिसात हसतात सगळे त्यावरून.

तर — माझी धाकटी बहीण. वनिता. आम्ही वनी म्हणायचो.

वनी तिसरीत होती तेव्हा तिला मधुमेह झाला. म्हाताऱ्या माणसांना होतो तो नव्हे. लहान मुलांना होतो तो, ज्यात शरीर इन्सुलिन तयार करायचंच सोडून देतं आणि जन्मभर सुया टोचून घ्याव्या लागतात. आमचं माहेर खालापूरकडचं, शेतीवालं घर. तिथे असलं काही कुणी ऐकलेलंही नव्हतं. आजूबाजूच्या बायका आईला म्हणायच्या, पोरीला फार गोड खाऊ घातलंस गं. आईने त्या दिवसापासून घरात गोड करणंच बंद केलं. सणाला पुरणपोळी नाही, वाढदिवसाला शिरा नाही. माझा दहावीचा निकाल लागला, मी शाळेत दुसरी आले, आणि पेढे आणायला निघालेल्या बाबांना आईने दारातून परत बोलावलं. वनी तेव्हा ताटं मांडत होती. तिने ऐकलं, मीही ऐकलं. बाबांनी पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली.

हे का सांगतेय मी? सबब म्हणून नाही. हे मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, एवढंच सांगायचं आहे. पेढ्यांचं कुणी इतकी वर्षं मनात धरतं का? मी धरलं.

वनी तशी नव्हती. तिच्या मनात काही राहायचंच नाही, सगळं तोंडावर. सुई टोचताना शेजारची पोरं बघत बसली की त्यांनाच म्हणायची, 'ये, तुला पण देते एक.' लग्न जमवताना घरच्यांनी आजार लपवायचा विचार केला, तर तिने मंगेशला पहिल्याच भेटीत इन्सुलिनचं पेन काढून दाखवलं. मंगेश कळंबचा. शेतकरी घरातला, दिसायला साधा, जाड भिंगांचा चष्मा. तो म्हणाला, 'मलाबी चष्म्याबिगर दिसत नाय. तुमी मला वाट दाखवा, मी तुमाला साखर देईन.' ही गोष्ट वनीने मला इतक्या वेळा सांगितली, की शेवटी मी म्हणायचे, पुरे गं बाई, कळलं, तुझा नवरा फार गुणाचा आहे.

होताच तो गुणाचा. कळंबच्या पुढे त्याच्या वाटणीचा तुकडा होता, डोंगराच्या पायथ्याला. तिथे दोघांनी रोपांची नर्सरी काढली. आंब्याची कलमं, चिकू, शनिवार-रविवारच्या बंगलेवाल्यांना लागतात ती शोभेची झाडं. नर्सरीच्या कडेलाच घर बांधलं. तिथे फोनची रेंज कधी असायची, कधी नसायची. अगदीच नसायची असं मात्र नव्हतं.

आता मी यात कुठे आले ते सांगते. मी भिसेगावात राहते आणि कर्जतच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते. दिवसभर कॉम्प्युटरपुढे. सासर-माहेर दोन्हीकडे कुणाचाही फोन अडला, कुणाचा ऑनलाइन अर्ज भरायचा राहिला, की तो माझ्यापुढे येणार. 'ताईला विचारा' हे आमच्या घरात शेवटचं वाक्य. फोनच्या बाबतीत मी म्हणेन ते खरं. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

वनीला इतक्या वर्षांच्या आजारानंतर एक नवाच त्रास सुरू झाला होता. साखर उतरली की पूर्वी तिला कळायचं — हात थरथरायचे, घाम फुटायचा. आता काहीच कळेना. बोलता बोलता शब्द विसरायची, आणि आम्हाला वाटायचं, थट्टा करतेय. दंडावर चिकटवायचा सेन्सर ती वापरायची, जुन्या रुपयाएवढा, पांढरा. पण तो मुका. फोन त्याच्याजवळ नेला तरच आकडा सांगणार. झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही आणि दुसऱ्या कुणाला हाकही मारत नाही.

मी शोधत बसले आणि शोधून काढलं. त्या मुक्या सेन्सरवर बसवायचा एक छोटा ट्रान्समीटर मिळतो, वरून चिकटवायचा, चार्ज करायचा. तो दर थोड्या वेळाने साखरेचा आकडा वनीच्या फोनवर पाठवणार, आणि तिच्या फोनमधलं ॲप तोच आकडा नेटवरून माझ्या फोनवर. ते ॲप फोनच्या नेहमीच्या स्टोअरवर मिळत नाही. मधुमेही मुलांच्या आईबापांनी आणि काही हौशी इंजिनिअरांनी मिळून केलेलं ते. बसवताना मला दोन रविवार लागले. पण बसलं. माझ्या भिसेगावच्या ओट्यावर भाजी निवडता निवडता मला कळंबातल्या वनीची साखर दिसायला लागली. मला स्वतःचा इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता, आणि नंतर तर प्रश्नच नाही.

वनी त्या ट्रान्समीटरला गोचीड म्हणायची. 'ताई, तुझी गोचीड फार चुगलखोर हाय गं. आंबा खाल्ला की लगेच तुझा फोन.' मी खरंच करायचे फोन. आकडा चढला की, काय खाल्लंस? उतरला की, खाल्लंस का? ती वैतागायची, हसायची, पण खायची. एकदा आकडा सरसर उतरला आणि वनी फोन उचलेना, तर मी तिच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या बेबीकाकूला फोन लावला. काकू धावत गेली, वनीच्या तोंडात साखरेचं पाणी घातलं. शुद्धीवर आल्यावर वनी काय म्हणाली असेल? 'काकू, चहाची साखर संपवलीस ना सगळी?' त्या दिवसापासून घरात ठरून गेलं — काही झालं तर ताईला दिसतं, ताई बेबीकाकूला सांगते. मंगेश रोपांचा टेंपो घेऊन बाहेर पडताना मला फोन करून जायचा. त्याचा सगळा भरवसा माझ्यावर होता.

आणि मला? मला काय होत होतं ते सांगू का? मी कंटाळत चालले होते. ऑफिसात फोन वाजायचा, लग्नात वाजायचा, बँकेच्या रांगेत वाजायचा. वनी, वनी, वनी. लहानपणी वनी, आता वनी. आणि त्या वनीला, डॉक्टर नको नको म्हणत असताना, मुलगी झाली होती. स्वरा. गोरी, गुबगुबीत, एकदम ठणठणीत. मला मूल नव्हतं. अजूनही नाही — नाही, असं म्हणता येणार नाही आता. त्यावर येतेच.

मूल नसलेल्या बाईला कुणी तोंडावर काही बोलत नाही, निदान आमच्या घरात तरी नाही. फक्त नाव घेत नाहीत. आमच्या सासरी रीत आहे, हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात पाच सवाष्णींनी उखळात हळकुंडं कुटायची. पाचही जणींनी एकाच मुसळाला हात लावायचा, आणि एकदा लावलेला हात हळद होईपर्यंत काढायचा नाही. काढला तर संसारात मोडता येतो म्हणतात. त्या पाचजणी लेकुरवाळ्या असाव्यात, हे कुणी बोलत नाही, पण असतात. नणंदेच्या लग्नात मी थोरली सून असून चहाचे कप फिरवत होते. चुलत दिराच्या लग्नातही तेच.

मग सख्ख्या धाकट्या दिराचं लग्न निघालं, आणि सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, 'या वक्ताला थोरली बसंल मुसळाला.' कुणीतरी चुळबुळ केली. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. त्या रात्री मी नवऱ्याच्या कुशीत शिरून रडले होते, आनंदाने. वेडी.

वनीला कळलं तेव्हा तिला माझ्याहून जास्त आनंद झाला. म्हणाली, 'ताई, तू मुसळाला बसनार आनि मी बघायला नको? फोटो मी काढनार.' आणि हळदीच्या आदल्या दिवशी मी तिला काय म्हटलं? म्हटलं, स्वराचं अंग गरम आहे ना, दगदग नको, थेट लग्नालाच ये. स्वराचं अंग जरासं कोमट होतं, एवढंच. खरं कारण वेगळं होतं. वनी आली असती तर खुर्ची तिला मिळाली असती. वनी, खाल्लंस का? वनी, पाणी देऊ का? आणि मांडवभर तिची ती सोन्यासारखी पोर दुडूदुडू धावली असती, आणि सगळ्या बायका आधी तिच्याकडे बघून मग माझ्याकडे बघत्या. मला तो एक दिवस वनीशिवाय हवा होता.

ती थोडी हिरमुसली. 'बरं, लग्नाला येते,' म्हणाली.

हळदीच्या दिवशी सकाळी मंगेशचा फोन. 'ताई, चौकला, हायवेवर रोपं पोचवायची हायेत, धाब्यावाल्यानं मागं लावलंय. टेंपो मीच चालवनार, फोन बघता याचा नाय. स्वरानं रातभर झोपू दिलं नाय वनीला. जरा ध्यान ठेवा.' मी म्हटलं, मंगेशराव, तुम्ही निघा, मी आहे ना.

मी आहे ना.

आता जवळ आले आहे. थांबते जरा.

मांडवात पाचजणी बसलो. मुसळाला आंब्याची पानं बांधली होती. फोन मी साडीत कमरेला खोचला होता, पदराआड. बायकांनी गाणी धरली. माझा हात सगळ्यांत वर, सासूबाईंनीच उचलून तिथे ठेवला होता. हळकुंडं फुटायला लागली आणि तो ओला, तुरट वास आला. मला वाटलं, आता मी या घरातली झाले.

तेव्हा पहिल्यांदा वाजलं. साखर उतरायला लागली की वाजतो तो साधा आवाज. मी डाव्या हाताने पदराखालीच फोन तिरका करून बघितलं. आकडा खाली होता आणि बाणही खाली. मी मनात म्हटलं, वनीचाही फोन वाजतोय, ती खाईल. नेहमी खाते. आणि त्याच हाताच्या अंगठ्याने आवाज गप्प केला. इथपर्यंत कुणाकडूनही झालं असतं, नाही का? मी बराच काळ स्वतःला फक्त इथपर्यंतच आठवू दिलं.

पण जरा वेळाने दुसऱ्यांदा वाजलं. आणि हा आवाज वेगळा होता. साखर फारच खाली गेली की वाजणारा. तो मीच निवडला होता, रुग्णवाहिकेसारखा, कर्कश — कारण मला वाटलं होतं, हा असा असावा की कुणाला दुर्लक्ष करताच येऊ नये. गाणं थांबलं. आत्येसासूबाई म्हणाल्या, 'कोनाचा गं त्यो भोंगा? देवाचं चाललंय हितं.' सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनीही. त्यांच्या नजरेत राग नव्हता. नुसतं एवढंच होतं, की आज तरी?

डाव्या हाताने फोन निघेना. मग मी मुसळावरचा उजवा हात काढला.

हो, काढला. रीतीपायी हात सोडता आला नाही, फोन घेता आला नाही, असं मला सांगता आलं असतं — आणि लोकांनी ऐकूनही घेतलं असतं. पण मी हात काढला. त्याच हाताने बेबीकाकूला फोन लावता आला असता. 'काकू, वनीकडे जा', एवढे तीन शब्द. हाताला हळद होती, पडदा पिवळा झाला, त्या पिवळ्यातून आकडा मला स्पष्ट दिसला. नेट होतं. कळंबला त्या दुपारी रेंज होती, भरपूर होती, म्हणून तर तो आकडा माझ्यापर्यंत आला होता. मी बाजूचं बटण दाबून धरलं, फोन पूर्ण बंद होईपर्यंत. मग तो कमरेला खोचला आणि हात पुन्हा मुसळावर ठेवला.

'कोन होतं?' आत्येसासूबाईंनी विचारलं.

'कंपनीवाले. कर्ज घ्या म्हणतात.'

बायका हसल्या. मीही हसले.

त्या क्षणी मनात काय होतं? वनी खाईल, असंही मी म्हटलं नाही. ते पहिल्यांदा म्हटलं होतं. दुसऱ्यांदा मनात एवढंच होतं, की आज नाही. आज तू नाहीस, वनी.

हळद झाली. नवरदेवाला लावली, मग एकमेकींना लावली. जेवणं झाली. या सगळ्यात फोन चालू करायला मला कुणी अडवलं होतं का? मी विसरले नव्हते. मला भीती वाटत होती, चालू केला की काय दिसेल. म्हणून नाही केला. दिवेलागणीला नवऱ्याचा फोन वाजला. मंगेश होता.

कळंबला काय झालं ते नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. वनीने जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलं होतं. तेवढ्यात स्वराने उलटी केली, तिला धुवायचं, पुसायचं, निजवायचं. जेवायचं राहून गेलं. लेकीला थोपटता थोपटता तीच आडवी झाली. रात्रीची झोप नव्हती, वरून साखर उतरलेली. उशाशी तिचा फोन वाजत राहिला, ती उठली नाही. स्वराला तो आवाज ओळखीचा होता. हे वाजलं की आई खाते, एवढं तिला माहीत होतं. मंगेश आला तेव्हा स्वरा आईला टेकून बसली होती, आणि वनीच्या ओठांवर, मानेवर, गादीवर बिस्किटाचा चुरा होता. बालवाडीत जायला लागलेली पोर ती. तिने जे करायचं ते केलं होतं.

बेबीकाकू दुपारभर ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. कुंपणापलीकडे. आपल्याला फोन का आला नाही, हे तिला अजून कळलेलं नाही.

कर्जतहून पनवेलच्या दवाखान्यात नेलं. वनी पुन्हा उठली नाही. मेंदूला साखर मिळाली नाही फार वेळ, असं डॉक्टर म्हणाले. काही दिवस यंत्रावर श्वास चालला, मग तोही थांबला.

पण मी जे केलं ते एवढंच नाही. दवाखान्यात पहिल्याच दिवशी, जिन्यापाशी, मंगेशने मला विचारलं. त्याचे कपडे तसेच, रोपांच्या मातीचे. चष्मा हातात. रागाने नाही विचारलं त्याने — शप्पथ सांगते, नुसतं विचारलं. 'ताई, तुमच्याकडं वाजला नाय काय?'

माझे हात अजून पिवळे होते.

मी म्हटलं, 'नाही हो मंगेशराव. तुमच्याकडे रेंज कुठे असते? दुपारपासून आकडाच आला नाही. मला वाटलं, नेहमीसारखं नेट गेलं असेल.'

मग त्याने मान हलवली. ताई म्हणते म्हणजे तसंच असणार. फोनच्या बाबतीत मी म्हणेन ते खरं. मागे आई उभी होती. तिने ऐकलं, आणि त्याच्या छातीवर मुठी मारायला लागली. 'रेंज नाय तिथं नेऊन ठेवलीस रं माजी पोर! डोंगरात नेऊन मारलीस!' तो हललाही नाही. मीच आईला बाजूला ओढलं. लोकांना वाटलं, थोरली किती सावरून आहे. मग मी दवाखान्याच्या संडासात गेले, कडी लावली आणि फोनमधून ते ॲप काढून टाकलं.

त्यानंतर सगळं माझ्या त्या एका वाक्यावर उभं राहिलं. आईने मंगेशच्या घरचं पाणी घेणं सोडलं. गावात बोलणं झालं, बायको आजारी आणि हा रानात घर बांधून बसला. दिवसकार्य झाल्यावर आई म्हणाली, पोर त्या घरात राहायची नाय. मंगेशने वाद घातला नाही. ज्याने बायको घालवली तो पोर कुठल्या तोंडाने मागणार? आईचे गुडघे गेलेले, तिच्याने होईना. मग स्वरा माझ्याकडे आली. तिच्या बाहुलीसकट, दप्तरासकट.

असं मला मूल मिळालं.

तिला न्हाऊ घालते, वेणी घालते, शाळेत सोडते. वनीसारखीच मान वाकडी करून हसते. तिला ताप आला की माझा जीव राहत नाही. मी तिच्यावर प्रेम करते, हे खरं आहे, आणि ते किती खरं आहे हे मला कुणाला सांगायची सोय नाही. आता हळदीला मला कुणी वगळत नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या एका चुलत दिराच्या लग्नात मुसळावर सगळ्यांत आधी माझा हात ठेवला. लेकुरवाळी आहे ना मी.

मंगेशने नर्सरी मोडली. कलमं विकली, उरलेली वाळून जाऊ दिली. चौकला हायवेच्या कडेला एका गॅरेजमध्ये कामाला लागला, तिथेच खोली घेतली. खोली बघायला गेला तेव्हा आधी फोन वर धरून रेंज बघितली म्हणे, मग नळाला पाणी येतं का ते विचारलं. आता एकटाच राहतो. साखर कुणाची बघायची आहे त्याला तिथे? तरी फोन सतत हातात. दर रविवारी मुलीला भेटायला भिसेगावात येतो. दारात आल्या आल्या फोनकडे बघतो, मग तो खिशात ठेवून चपला काढतो.

एका रविवारी स्वराने त्याला विचारलं, बाबा, आई कशी मेली? मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. मला वाटलं, तो म्हणेल, आजारी होती. तो म्हणाला, 'बाबाची चूक झाली गं. बाबानं घर नको त्या जागी बांधलं. मावशीला कळलंच नाय, नायतर मावशीनं वाचवली असती.' स्वराने विचारलं, 'तुम्ही मुद्दाम बांधलं होतं का?' तो म्हणाला, 'नाय गं सोन्या.'

दोन पावलं होती मधे. चौकट ओलांडून जायचं आणि बोलायचं. मी भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. उलटली. ती छान फुगली.

अशा किती वेळा आल्या असतील? प्रत्येक वेळी मी म्हणते, स्वरा जरा मोठी होऊ दे. प्रत्येक वेळी मला माहीत असतं, की मोठी झाल्यावर मी आणखी गप्प बसेन. खरं सांगितलं तर ती जाईल. एवढंच आहे ते. पुरुषासारखा पुरुष आतून पोखरत चाललाय, माझी आई जावयाचं नाव काढलं की थुंकते, आणि मी हे सगळं चालू देते, कारण संध्याकाळी शाळेतून येऊन एक पोर माझ्या मांडीवर डोकं ठेवते.

परवाच्या रविवारी मंगेश आला तो नवीन सदरा घालून. जरा वेळ घुटमळला. मग म्हणाला, 'ताई, स्वराला आता माझ्याकडं न्यावं म्हनतो. दुसरीत गेली. चौकला शाळा बरी हाय. खोलीवर रेंज कवाबी फुल्ल, वायफायबी लावून घेतलंय. बेबीकाकू येऊन ऱ्हायला तयार हाय.' सगळं पाठ करून आला होता. स्वरा त्याच्या गुडघ्याला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, 'मावशी, जाऊ मी?' तिच्या तोंडावर भीती नव्हती. तिला जायचं होतं.

आता तरी. आता तरी बोलायला काय हरकत होती? समोर बसला होता तो. नवरा बाहेर गेलेला, घरात कुणी नाही.

मी म्हटलं, 'मंगेशराव, हायवे आहे तो. दिवसरात्र गाड्या. पोर रस्त्यावर धावली तर? तुम्ही कामात असणार. वनीच्या वेळी काय झालं, विसरलात का?'

मी हे म्हटलं. मी. वनीचं नाव घेऊन.

त्याचा चेहरा उतरला तो मी बघितला. नजर चुकवली नाही. त्याने स्वराच्या केसांवरून हात फिरवला आणि तिला हळूच माझ्याकडे सरकवलं. 'नाय ताई. इसरंन कसा? तुमचं बराबर हाय. ऱ्हाऊ द्या तिला हितंच.'

जायला उठला. दारापाशी थांबला, परत आला आणि माझ्यापुढे वाकला. 'तुमी हायेत म्हनून माजी पोर हाय,' म्हणाला, आणि माझ्या पायांवर डोकं टेकवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, सुखी राहा.